वॉशर गळका नव्हता

मॅडम, त्या ऑक्सिजनच्या सिलेंडरचा वॉशर गळका नव्हता. ठणठणीत होता. पेटीत निघालेली ती चिठ्ठी, जी तुम्ही शेवटपर्यंत प्रत्येक नव्या बॅचला वाचून दाखवत होत्या, ती मी लिहिली होती. डाव्या हातानं, चादरींच्या खोलीत गठ्ठ्यावर बसून, आणि तिच्यात एक शब्दबी खरा नव्हता. हे सांगायला मला बारा वर्षं लागली. तुम्ही असत्या तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणल्या असत्या, "बारा वर्षं? शहाण्या, पेशंटकडं बारा मिनिटं नसतात." व्हय मॅडम, नसतात. त्या दिवशी तर दोन-तीनच होती.

तुम्ही गेल्या त्याला दहा वर्षं झाली. तेवढ्यात औरंगाबादचं संभाजीनगर झालं, आपल्या दवाखान्याला काचेचा दरवाजा आला, कॅन्टीनवाल्यानं चहाचा कप अजून बारीक केला, आणि मी वॉर्डबॉयचा टेक्निशियन झालो. त्या कोर्सचा फॉर्म तुम्हीच भरला होता, माझी सही तेवढी माझी. तरी मला सगळे अजून मामाच म्हणतात. ही दवाखान्याची रीत मला पहिल्या दिवसापासून लई आवडली होती. स्ट्रेचर ओढणारा बाविशीचा पोरगा मामा, आणि त्याला हाक मारणारा डॉक्टर त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. मी सोयगावकडचा, दहावी दुसऱ्या झटक्यात, बारावीत मी शाळेला आणि शाळेनं मला सोडून दिलेलं, आणि एकदम डॉक्टर लोकांचा मामा! डोक्यात हवा जाणारच ना.

तुम्ही मला ओळखायला लागल्या ते त्या रबरी माणसामुळं. भूल देताना घशात नळी कशी घालायची ते शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला तुम्ही तो आणला होता. मी एका दुपारी त्याला ड्यूटी रूमच्या खाटेवर झोपवला, तोंडावरून चादर ओढली, खाली एका डॉक्टरच्या चपला नीट लावून ठेवल्या. ऑपरेशन करणारे मोठे सर आले आणि दहा मिनिटं त्याच्यावर ओरडले. "ड्यूटीवर झोपतोस? लाज आहे का? उठ म्हणतो ना!" शेवटी चादर ओढली. मग तुम्ही मला बोलवलं.

"कुणी केलं हे?"

"मला काय माहीत मॅडम."

"आणि चपला?"

"त्याच्याच असतील."

तुम्ही तोंडापुढं फाईल धरली. फाईल हलत होती. मी म्हणलं सुटलो. पण फाईल खाली आली तेव्हा तुमचा चेहरा निराळाच होता. "हे बघ. आपल्याकडं झोपलेला माणूस बोलू शकत नाही, हात हलवू शकत नाही, श्वाससुद्धा आपण दिला तर घेतो. त्याची चेष्टा माझ्या थेटरात चालणार नाही, रबरी असला तरी." मी खाली बघितलं. "पण डोकं बरं चालतं तुझं. फुकट घालवतोस. या शनिवारपासून वर्गाच्या आधी भुलीच्या मशीनमध्ये एक खोड करून ठेवायची. नळी सैल कर, चकती उलटी बसव, काय वाट्टेल ते. डॉक्टरांना सापडली नाही तर तू जिंकलास." मॅडम, मला आयुष्यात कुणी इतकं इज्जतीचं काम दिलं नव्हतं. एमबीबीएस झालेली माणसं घाम पुसत मशीन चाचपायची आणि मी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. पहिले तीन शनिवार मी जिंकलो. चौथ्याला एका डॉक्टरनं खोड शोधली आणि तुम्ही त्याच्यापेक्षा माझ्याकडं बघून हसल्या. म्हणजे शिकवत कुणाला होत्या, ते मला लई उशिरा कळलं.

मग तुम्ही ती पेटी आणली. लाकडी, वर फट, खाली कुलूप. चुकांची पेटी. ज्याच्या हातून काही चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं, त्यानं लिहून टाकायचं, नाव लिहायचं नाही. शनिवारी सगळ्यांसमोर वाचायचं आणि कुणी केलं हे विचारायचं नाही, कसं झालं एवढंच विचारायचं. मोठे सर म्हणले, "मॅडम, तक्रारपेटी लावली का? बघा हं, आम्हालाच घालवाल." तुम्ही म्हणल्या, "माणसं घालवायला नाही सर, ठेवायला लावलीय." पण पेटी काही भरंना. प्रत्येक शनिवारी तुम्ही कुलूप उघडायच्या, रिकामा तळ सगळ्यांना दाखवायच्या, परत कुलूप लावायच्या. दोन महिने हे चाललं. मागच्या बाकावर लोक हसायला लागले. आणि तुमचं हृदयाच्या भुलीचं एवढं शिक्षण, एवढ्या लांब लांबच्या दवाखान्यांतली नोकरी सोडून तुम्ही आपल्या गावात आल्या, आणि इथं एक पेटी भरंना, हे मला बघवंना.

म्हणून पहिली चिठ्ठी मी टाकली. मला वाटलं, डॉक्टरची चूक असली म्हणजे वजन पडेल. तर मी डॉक्टर होऊन लिहिलं की माझ्या हातून भुलीचं औषध जास्त गेलं, आणि एक आकडा ठोकून दिला. तुम्ही तो शांतपणे वाचला आणि म्हणल्या, "ज्यांनी हे लिहिलं त्यांनी पेशंटला नाही, हत्तीला भूल दिली असावी." सगळा वर्ग खो खो हसला, मी सगळ्यात जास्त. पण मनात म्हणलं, असं नाय चालणार. मग मी डॉक्टर लोकांच्या मागं लागलो. सर, ह्या सुईत किती भरता? मॅडम, रक्त पातळ करायचं औषध आधी का देता, ते उतरवायचं नंतरच का? हृदयाच्या जागी चालणारा तो पंप चालू असताना दिलं तर काय होईल? चूक खरी वाटायची असली तर आधी बरोबर काय ते ठाऊक पाहिजे, आणि मला कुठं काय ठाऊक होतं. तुम्हाला वाटलं, मामाला शिकायची गोडी लागली. गोडी नंतर लागली मॅडम, आधी थापा जमवायच्या होत्या. अशा चार चिठ्ठ्या मी टाकल्या. पाचवी निघाली ती माझी नव्हती. कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं की पिशवीवरचं नाव न बघता मी रक्त लावायला निघालो होतो, सिस्टरनं हात धरला. तुम्ही ती हळू आवाजात वाचली. त्या शनिवारी कुणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात दोन निघाल्या, दोन्ही खऱ्या. त्यानंतर बरेच महिने मी पेटीकडं फिरकलो नाही, तिला माझी गरज उरली नव्हती.

आणि मग ती शहागंजातली खाला आली. आठवते ना? बांगड्यांच्या दुकानाची, गोरी, ठेंगणी, हृदयाची झडप बदलायची होती. भूल द्यायच्या आधी तिनं तुमचा हात धरला. "डाक्टरनी बाई, उठूंगी ना मैं?" तुम्ही म्हणल्या, "उठाए बगैर मैं घर नहीं जाती, खाला." त्या दिवशी सकाळी आठला माझं काम काय होतं? ट्रॉलीच्या सिलेंडरला चावी लावायची, उघडायचं, काटा कुठं जातो ते बघायचं, बंद करायचं, आणि मग कार्डावर बरोबरची खूण करायची. मिनिटभराचं काम. पण मी कपडे बदलायच्या खोलीत एका डॉक्टरच्या हिरव्या पायजम्याची नाडी काढून ठेवली होती, आणि ते पायजमा धरून बाहेर कसे येतात ते मला बघायचं होतं. म्हणून मी कार्डावर खूण केली आणि पळालो. चावीला हातबी लावला नाही. ते डॉक्टर एका हातात पायजमा धरून बाहेर आले, मी पोट धरून हसलो. सिलेंडर आदल्या दिवशी कुणीतरी वापरून जवळजवळ रिकामा करून ठेवला होता.

दुपारी ऑपरेशन चांगलं झालं. नवीन झडप, हृदय चालू, खालाला घेऊन आपण लिफ्टमध्ये शिरलो. डोक्याशी तुम्ही, श्वास द्यायचा फुगा दाबायला तेच नाडीवाले डॉक्टर, एक सिस्टर, पायाशी मी. लिफ्टचं दार लागलं आणि फुगा भरायचा थांबला. डॉक्टर दाबतायत, पण तो दुधाच्या रिकाम्या पिशवीसारखा चपटा होऊन बसला. मॉनिटरचा टूं टूं आवाज जाड व्हायला लागला, खाली खाली उतरायला लागला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन उतरत होता. तुम्ही ओरडल्या नाहीत. "ऑक्सिजन संपलाय. अंबू काढा." आणि म्हणेपर्यंत ट्रॉलीच्या आकड्यावर टांगलेली ती बॅग, जी दाबली की आपोआप फुगती, ती तुमच्याच हातात होती. ती तिथं टांगायचा हट्टबी तुमचाच. दार उघडल्यावर म्हणल्या, "मामा, पळ." मी पळालो. चपला लिफ्टमध्ये राहिल्या. अतिदक्षता विभागात भिंतीतला ऑक्सिजन लागला आणि तो आवाज हळूहळू पुन्हा बारीक झाला. बारीक आवाजासाठी माणूस रडू शकतो हे मला तेव्हा कळलं. बाहेर खालाचा मुलगा उभा होता. त्यानं फक्त एवढं बघितलं की एक अनवाणी माणूस त्याच्या अम्मीची ट्रॉली जीव तोडून ओढतोय.

मोठे सर आले आणि त्या डॉक्टरवर तुटून पडले. "फुगा धरता येत नाही आणि हृदयाची भूल शिकायला आलाय?" डॉक्टरांचे कान लाल झाले. तुम्ही मधी आल्या. "फुग्यात हवाच नव्हती, सर. ह्याची चूक नाही. कसं झालं ते शनिवारी बघू." तुमची नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावरूनही, आणि पुढं गेली. थांबली असती तर मी तिथंच सांगितलं असतं. असं मी स्वतःला लई दिवस सांगितलं.

वॉशर मला तुमच्याच स्वयंपाकघरात सापडला. गारखेड्यात तुमच्या घरी रविवारी तुम्ही मला पुढच्या वर्गाची खोड ठरवायला बोलवायच्या, आणि धपाटे आणि दही पुढं ठेवायच्या. त्या आठवड्याच्या आधीच्याच रविवारी गॅसवाला आला होता. तुम्ही त्याला दारातून जाऊ दिलं नाही, सिलेंडरच्या तोंडावर साबणाचं पाणी ओतायला लावलं. "बुडबुडे आले की समज वॉशर गेला. डोळ्याला दिसत नाही, नाकाला उशिरा कळतं." मी धपाटा चावत ऐकत होतो. शुक्रवारी चादरींच्या खोलीत तेच डोक्यात आलं. लिहिलं: मी सिलेंडर तपासला होता, भरलेला होता, वॉशरमधून हळूहळू गेला असावा, माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. शेवटची ओळ तर मुद्दाम टाकली, मनातून आल्यासारखी वाटावी म्हणून.

शनिवारी तुम्ही ती वाचली आणि थांबल्या. "गळती असेल तर आवाज यायला पाहिजे होता." मग तुम्हीच म्हणल्या, "पण बारीक असेल तर येणार नाही. सकाळपासून दुपारपर्यंत रिकामा होऊ शकतो." माझ्या वतीनं तुम्हीच उत्तर दिलं मॅडम. मला खोटंबी पूर्ण बोलावं लागलं नाही. सोमवारी तुम्ही स्टोअरवाल्याशी भांडून सगळे वॉशर बदलले, प्रत्येक ट्रॉलीला साबणपाण्याची वाटी लावली. आता साबणपाणी टाकायचं तर आधी चावी उघडावीच लागती, आणि उघडली की काटा दिसतोच. म्हणजे माझं खोटं का असंना, कामाला आलं. ह्याच उशीवर मी बारा वर्षं झोपलो.

एकदाच झोप उडाली. तुम्ही मला घेऊन सोयगावच्या दवाखान्यात शिकवायला गेल्या तेव्हा. आमच्या भागातली माणसं समोर बसलेली, आणि मी सिलेंडरवर साबणपाणी टाकून दाखवतोय, जसा काय मोठा प्रोफेसर. तुम्ही ती चिठ्ठी वाचली आणि म्हणल्या, "ही कुणी लिहिली मला माहीत नाही. पण उद्या माझं स्वतःचं ऑपरेशन असेल तर मी हाच माणूस शेजारी मागीन." परत येताना जीपमध्ये मी तोंड उघडलं होतं. तुम्ही विचारलं, "काय रे?" मी म्हणलं, "काय नाय, ऊन लागलं." खालाच्या ऑपरेशनला दोन वर्षं होतायत तोवर तुम्ही आजारी पडल्या आणि महिनाभरात गेल्या. शेजारी मागायची वेळ आली नाही.

आता हे आजच का सांगतोय, ते ऐका. गेल्या महिन्यात नवीन तऱ्हेचे सिलेंडर आले. काटा त्यालाच जोडलेला, चावी नाय, वॉशर नाय. सगळे खूश. मागच्या मंगळवारी सकाळी मी ट्रॉलीपाशी उभा होतो. एक नवीन पोरगी आलीय टेक्निशियन, लई हुशार, माझ्यासारखीच तोंडाळ. तिनं कार्ड घेतलं, खूण केली, निघाली.

मी म्हणलं, "ए बाई, बघितलं का?"

"काय बघायचं मामा? आता वॉशरच नाहीये. ते साबणपाणी गेलं."

"काटा?"

"भरलेलाच असतो की."

मी बघितलं. भरलेलाच होता. म्हणजे काहीच झालं नाही. माझ्या वेळीबी रोज काहीच होत नव्हतं मॅडम. तिला काय बोलणार? तिला आम्ही हेच तर शिकवलं होतं की खालाचा सिलेंडर वॉशरमुळं रिकामा झाला. वॉशर गेला, धडा गेला. आणि तुमचं नाव त्या धड्याला लागलेलं.

शनिवारी वर्गात मी उभा राहिलो. आपले नाडीवाले डॉक्टर आता तुमच्या खुर्चीत बसतात, पेटीबी तेच उघडतात. तुमच्यासारखंच तळ दाखवून. मी म्हणलं, सर, आज चिठ्ठी नाय, तोंडी सांगतो. आणि सगळं सांगितलं, आठ वाजल्यापासून लिफ्टपर्यंत, चिठ्ठीपर्यंत. आवाज कापला नाही, खरं सांगतो. ती पोरगी पहिल्या बाकावर होती, तिच्याकडं बघूनच बोललो. सरांनी हातातलं पेटीचं कुलूप खाली ठेवलं. मग म्हणले, "मामा, मला पुढं दोन वर्षं वाटत होतं की माझ्याच हाताचं काहीतरी चुकलं. फुगा धरायची वेळ आली की दुसऱ्याला पुढं करायचो." मी हात जोडले. ते म्हणले, "आणि त्या दिवशीची नाडी?" मी म्हणलं, "तीबी मीच, सर." पोरं इतकी हसली की सरांनाबी हसावं लागलं, डोळे पुसत पुसत. त्यांनी मला कोण म्हणून नाय, कसं म्हणून विचारलं, तुमच्या रीतीनं. आणि तिथल्या तिथं ठरलं: कार्डावरची खूण बंद. काट्यावर जो आकडा दिसेल तो लिहायचा. न बघता खूण करता येती, आकडा थापायचा म्हणलं तर हात अडखळतो. हे मी सुचवलं मॅडम. थापांमधला जाणकार म्हणून माझं ऐकलं त्यांनी. ती वॉशरची चिठ्ठी फाईलमध्येच ठेवली, खाली खरं काय ते लिहून. तुमचा धडा आता पहिल्यापेक्षा पक्का झालाय. काळजी करू नका.

पण एक जागा राहिली. रविवारी मी शहागंजात गेलो, ठरवूनच गेलो होतो की खालाला सांगायचं. मुलानं दुकानातल्या बायांना सवयीनं ओळख करून दिली, "इनेच मेरी अम्मी की जान बचाए." हे तो बारा वर्षं सांगतोय, प्रत्येक ईदला डबा भरून देतोय, माझ्या पोरीच्या हातातल्या बांगड्या त्याच्याच. खाला आत गादीवर होती. सत्तरी ओलांडली, पाय सुजलेत, दोन शब्दांत दम लागतो. मी जवळ बसलो, म्हणलं, "खाला, एक बात बोलनी थी." तिनं माझ्या तोंडात खजूर कोंबला. "पैले खा. बाद में बोल." खाल्ला. मग तिनंच हात धरला, जसा तुमचा धरला होता तसा. "मेरा तो बुलावा आने कू हो रा बेटा. उधर डाक्टरनी बाई मिली तो तेरा क्या बोलूं?" मी म्हणलं, "सलाम बोलो." आणि उठून आलो. भर वर्गात बोललो, पण तिच्यापुढं जीभ उचलली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं मला ठाऊक नाय, लॉकरमध्ये कपड्यांखाली ठेवीन. पण मॅडम, खाला माझ्याआधी तिकडं येणार असं दिसतंय, आणि ती तुम्हाला शोधत येणार, माझं लई कौतुक सांगणार. तुम्ही फक्त ऐकून घ्या. मान हलवा. वाटलं तर तोंडापुढं फाईल धरा. मी येईपर्यंत तिला काही सांगू नका, तिलाच काय, तिथं कुणालाच सांगू नका. तुमच्या पाया पडतो मॅडम, कुणालाच नका सांगू.